जोडपान

मे महिना संपत आला की आमच्या ओसरीवर वह्यांचा ढीग पडायचा. आम्ही पाच भावंडं. सगळ्यांच्या वर्षभराच्या वह्या अम्मी समोर घेऊन बसायची आणि प्रत्येकीतली उरलेली कोरी पानं अलगद सोडवायची. गणिताच्या वहीत चारच सापडायची, इतिहासाच्या वहीत मात्र निम्म्याहून जास्त. मग दाभणात गोधडीचा दोरा ओवून त्या पानांची एक जाडजूड वही शिवली जायची. एकरेघी, चाररेघी, चौकटींची, कोरी अशी सगळी पानं तिच्यात गुण्यागोविंदानं नांदायची. वरून जुन्या कॅलेंडरचं कव्हर. ही आमची रफ वही. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी ती झाली असेल. माझी पहिली कविता अशाच एका वहीत, इंग्रजीच्या चार रेघांमध्ये मराठी अक्षर कोंबून लिहिलेली आहे. चाळीसहून अधिक वर्षं झाली, ती वही अजून शाबूत आहे. कविता वाईट आहे; शिवण उत्तम.

आज मला वहीबद्दलच बोलायचं आहे. वहीत काय लिहावं, हे सांगणारे पुष्कळ आहेत. ती बांधलेली कशी आहे, आणि त्यामुळं आपलं काय राहतं, काय जातं, एवढंच मी सांगणार आहे.

यातला पहिला धडा आपण सगळे शाळेतच शिकलो. विमान करायला वहीचं पुढचं एक पान फाडलं, की दोन-तीन दिवसांत मागचं एक पान आपोआप हातात यायचं. गुरुजींना ते पान सापडलं की चोरी उघडकीला यायची. कारण साधं आहे. पिन मारलेल्या किंवा शिवलेल्या वहीत सुटं पान नसतंच. एक कागद मधोमध दुमडलेला असतो, त्याचा अर्धा भाग पुढं असतो आणि अर्धा मागं. दोरा किंवा पिन त्या घडीतून गेलेली असते. म्हणजे प्रत्येक पानाला कुठंतरी एक जोडपान असतं. एकाला हात लावला की दुसऱ्याला कळतं.

अब्बा एका आडतीत मुनीम होते. त्यांच्या चोपड्या लाल कापडाच्या, जाड दोऱ्यानं शिवलेल्या. आत छापील रेघा नसत, कागदाला घड्या घालून रकाने पाडलेले असत. आकडा चुकला तर अब्बा त्यावर एकच आडवी रेघ मारत. खालचा चुकलेला आकडा वाचता आला पाहिजे, अशी. पान फाडणं तर सोडाच, खोडरबरसुद्धा त्यांच्या गादीवर नसे. चोपडीतून पान गेलं की व्यापाऱ्याची पत गेली, असं ते म्हणायचे. मला तेव्हा ती जुन्या माणसाची खोड वाटायची. पुढं कळलं की कायदाही जवळपास हेच बोलतो. १९९८ साली जैन हवाला प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापुढं प्रश्न आला होता, की पुराव्याच्या कायद्यात ‘बुक’ म्हणतात ते नेमकं काय? न्यायालयानं सांगितलं, कायमची राहावीत अशा हेतूनं एकत्र बांधलेली पानं म्हणजे वही. या कसोटीवर जप्त केलेल्या स्पायरलच्या वह्या ‘वही’ ठरल्या, फायलींतले सुटे कागद ठरले नाहीत. त्या वह्यांचं पुराव्यात पुढं काय झालं, हा निराळा विषय. पण बांधणीवरून एवढा खल झाला, याची मला गंमत वाटते.

मी मात्र मुनिमाचा मुलगा असूनही कॉलेजात गेल्यावर स्पायरलच्या वहीवर भाळलो. ती पूर्ण उलटी दुमडता येते, मांडीवर सपाट बसते, एसटीत उभ्यानं लिहिता येतं. आणि पान फाडलं तर मागचं कुठलंच पान कुरकुर करत नाही, कारण तिथं जोडपान नाही. प्रत्येक पान तारेत एकटं लटकलेलं. कवितेचा खर्डा आवडला नाही की मी टर्रकन पान ओढायचो. तारेत कागदाचा चुरा तेवढा अडकून राहायचा. बी.ए.च्या तीन वर्षांत मी किती पानं अशी फेकली असतील, देव जाणे. आज वाटतं, त्यातल्या काही ओळी चुकीच्या नव्हत्या, फक्त लवकर आल्या होत्या. स्पायरलचा दोष नाही तो. पण फाडणं सोपं असलं की माणूस फाडतो.

खरा फटका बसला तो डायरीचा. २००३ च्या एप्रिलमध्ये अब्बा गेले. त्यांच्या शेवटच्या दिवसांत, उशाशी बसून, मी त्यांच्यावर एक लांब कविता लिहिली. एका संस्थेनं भेट दिलेली देखणी डायरी हाताशी होती. जाड कव्हर, सोनेरी अक्षरं, गुळगुळीत कागद. तिच्यात चार पानं भरली, एकाच बाजूला लिहून. दोन वर्षांनी एका कविसंमेलनाला निघालो होतो. उन्हाळ्याची दुपार, एसटीच्या खिडकीजवळची जागा. कविता पुन्हा एकदा वाचावी म्हणून डायरी गुडघ्यावर सपाट उघडली, तर पाठीतून ‘कट्’ असा आवाज आला आणि पानं निसटली. गाडीत वारा भरलेला. प्रवाशांनी धावाधाव करून पानं गोळा केली. एका आजींनी पायाखाली आलेलं पान पदरानं पुसून माझ्या हातात दिलं. उतरल्यावर मोजली, तर पहिलं आणि चौथं पान होतं. दुसरं आणि तिसरं नव्हतं.

तुम्ही म्हणाल, कवीला स्वतःची कविता पाठ नसते? ओळी आठवतात. त्या कुठल्या ओळीनंतर येत होत्या, ते आठवत नाही.

ती डायरी घेऊन मी आमच्या जुन्या बाजारातल्या बाइंडर चाचांकडं गेलो. वाचनालयाची पुस्तकं, दुकानांची रजिस्टरं बांधण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. त्यांनी डायरीची पाठ नखानं खरवडली आणि म्हणाले, “इसमें जुजच नहीं है बाबा.”

हा जुज म्हणजे काय, ते समजून घेण्यासारखं आहे. चार-पाच कागद एकात एक घालून मधोमध दुमडले की एक जुज होतो. असे आठ-दहा जुज एकावर एक रचून, प्रत्येकाच्या घडीतून दोरा घालून, एकाला दुसऱ्याशी गाठत नेलं की शिवलेली वही तयार होते. तिला जुजबंदी म्हणतात. शब्द मूळचा अरबी, अर्थ ‘भाग’. कुरआनचे जे तीस भाग असतात, त्यांनाही जुजच म्हणतात. आपल्याकडं बोलताना सिपारा म्हणतो. आणि ‘जुजबी’ हा आपला रोजचा मराठी शब्द त्याच घरातला. घरात मय्यत झाली की तीस सिपारे तीस वेगळ्या वह्यांसारखे बांधलेले बाहेर काढतात, जमलेल्या माणसांत वाटतात, आणि प्रत्येकानं एकेक वाचला की एका बैठकीत सगळा कुरआन पूर्ण होतो. अब्बांच्या वेळी वाटलेल्या सिपाऱ्यांची बांधणी याच चाचांची होती. मोकळं कुठं ठेवायचं आणि घट्ट कुठं बांधायचं, हे त्या पेटीइतकं नीट मी दुसरीकडं पाहिलेलं नाही. तीस भाग सुटे, पण भागातलं एकही पान सुटं नाही.

माझ्या डायरीत हे काहीच नव्हतं. तिच्या कागदांच्या घड्या यंत्रानं कापून टाकलेल्या, म्हणजे जोडपानं आधीच तोडलेली. मग पाठ खरखरीत करून तिच्यावर गरम गोंद ओतलेला. एकेक पान फक्त त्या गोंदावर उभं. हा गोंद कालांतरानं कडक होतो, आणि वही सपाट उघडली की तडकतो. घ्यायच्या आधी ओळखायचं कसं? वही मिटून पाठीच्या वरच्या कडेकडं बघा. लहान लहान कमानी ओळीनं दिसल्या तर त्या जुजांच्या पाठी. सपाट, सलग कड दिसली तर तो गोंद. मग वही मधे उघडत जा, दर काही पानांनी घडीत दोरा दिसला पाहिजे. दुकानदार कपाळाला आठ्या घालेल, घालू द्या.

आता दुसरी बाजू. माझी मुलगी पुण्यात नोकरी करते. गेल्या दिवाळीला ती एक नवीच वही घेऊन आली. कण्याच्या जागी रुपयाएवढ्या प्लास्टिकच्या चकत्या ओळीनं बसवलेल्या. पानाच्या कडेला अळंबीच्या आकाराच्या खाचा. पान ओढलं की निघतं, दाबलं की बसतं, आणि फाटत नाही. ही युक्ती बेल्जियमची. तिथल्या आटोमा कंपनीनं १९४८ पासून अशा वह्या काढल्या. कड्यांची वही त्याहून जुनी. लंडनच्या फायलोफॅक्सची सुरुवात १९२१ ची. कडी उघडायची, पान घालायचं, मिटायची. मुलीच्या वहीत महिन्याचं नियोजन पुढं, कामाच्या याद्या मधे, घरखर्च मागं. काम संपलं की पान काढून घरच्या फायलीत. आठवडा बदलला की पानांची जागा बदलते.

मी नाक मुरडलं, तशी ती म्हणाली, “अब्बा, तुम्ही पान फाडत नाही, म्हणून तुमचं काही सापडतही नाही.”

हे खरं होतं. माझ्या पंचवीस शिवलेल्या वह्यांत कुठली कविता कुठं आहे, हे मलाही सांगता येत नाही. आणि खरं तर मोकळ्या पानांशी माझं वैर असायचं कारण नव्हतं. नोकरीतली सगळी वर्षं मी फायलींना टॅग ओवण्यात घालवली. फायलीतला कागद सुटा असतो, म्हणूनच त्याच्यावर पृष्ठक्रमांक घालण्याबद्दल साहेब इतके काटेकोर असतात. आपल्या पोथ्याही सुट्या पानांच्याच. वर-खाली फळ्या आणि भोवती कापड, बस्स. तेव्हा सुटं वाईट आणि शिवलेलं चांगलं, असं काही नाही. ज्यातली पानं जुनी होऊन निरुपयोगी होणार आहेत, वेळापत्रक, याद्या, भेटीगाठी, त्याला कड्या किंवा चकत्या घ्याव्यात. मात्र कड्यांच्या वहीत डाव्या पानावर लिहिताना कडी मनगटाला टोचते, हे आधी दुकानात लिहून बघा. कड्या मिटल्यावर दोन टोकांत फट राहते का, तेही बघा. त्या फटीतून पानं पळतात. चकत्यांच्या वहीला जाडसर, शंभर ग्रॅमच्या आसपासचा कागद हवा, नाहीतर खाचांचे ओठ सैल पडतात.

कविता, रोजनिशी, आजारी माणसाच्या औषधाची नोंद, जमिनीचा व्यवहार, यांना दोरा.

मुलीचं बोलणं मनाला लागलं, म्हणून यंदा वही स्वतःच शिवायला बसलो. चाचा आता नाहीत, पण त्यांनी शिकवलेलं थोडं हातात आहे. पहिली चूक कागदाची केली. झेरॉक्सचा ए-फोर कागद आणून मधोमध दुमडला. वही झाली, पण पानं ताठ उभी राहायला लागली, आणि पावसाळ्यात कण्यापाशी लाटा आल्या. कागदालाही लाकडासारखी रेषा असते, तंतू एका दिशेनं पडलेले असतात. ती रेषा कण्याला समांतर हवी, तरच पान अंगानं वळतं. झेरॉक्सच्या कागदात ती बहुधा लांबीच्या दिशेनं असते, त्यामुळं दुमडल्यावर नेमकी कण्याला आडवी येते. ओळखायची रीत सोपी आहे: कागद दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून बघा, जिकडून विनातक्रार वाकतो ती घडीची दिशा. किंवा फाडून बघा; रेषेच्या दिशेनं सरळ फाटतो, आडवा वेडावाकडा. मग मी कागदाच्या दुकानातून मोठे ताव आणले आणि रेषा बघून कापून घेतले. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याच्या हातकागदाला ही कटकट फारशी नाही, कारण हातकागदाचे तंतू एका दिशेला ओढले जात नाहीत. पण त्यावर माझी शाई फुटते.

पाच तावांचा एक जुज, म्हणजे दहा पानं, वीस पृष्ठं. असे आठ जुज. दोऱ्याला मेण लावलं. पाठीला मैद्याची खळ, तिच्यात कसर लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद, चाचा घालायचे तसं. मोरचूद विषारी असतं, तेव्हा स्वयंपाकाचं भांडं वापरू नका आणि मुलांना लांब ठेवा. मुलीच्या वहीतलं एक मी उचललं: पहिली चार पृष्ठं अनुक्रमणिकेला कोरी सोडली आणि सगळ्या पृष्ठांवर आधीच क्रमांक घातले. मागच्या पुठ्ठ्याला आतून एक कागदी खिसा चिकटवला, सुट्या चिठ्ठ्यांसाठी. कव्हर अम्मीच्या रीतीनं, जुन्या कॅलेंडरचं.

पहिल्याच जुजात अब्बांवरची कविता उतरवायला घेतली. चौथ्या पानावर डायरीतलं पहिलं पान लिहिलं. पाचवं आणि सहावं कोरं सोडलं. सातव्यावर शेवटचं पान लिहिलं.

मुलगी शेजारी बसून बघत होती. म्हणाली, “माझ्या वहीत कोरं सोडायची गरज नाही, अब्बा. आठवलं की पान घालायचं.”

“हो,” म्हटलं, “ते बरोबर आहे.”

दहा पानांच्या जुजात पाचवं आणि सहावं ही मधली पानं, एकाच कागदाची. वही तिथं अगदी सपाट उघडते. दोन्ही बाजू कोऱ्या, आणि मधे घडीतून गेलेला दोरा तेवढा दिसतो.