गिल्बर्ट यांचा चंद्र

लोणारच्या विवराविषयी हाती लागेल ते वाचायचं वेड मला जुनं. त्या वाचनात ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट हे नाव भेटलं आणि विवर बाजूला राहून मी या माणसातच गुंतलो.

गिल्बर्ट अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षण खात्याचे मुख्य भूशास्त्रज्ञ. १८९२ च्या ऑगस्ट ते ऑक्टोबरदरम्यान त्यांनी वॉशिंग्टनच्या नौदल वेधशाळेतून १८ रात्री चंद्र न्याहाळला. खात्याचा एवढा नामवंत माणूस रात्रभर चंद्राकडे पाहत बसतो, मग हे खातं हवं कशाला, असा ताशेरा अमेरिकी काँग्रेसच्या एका सदस्याने मारला.

चंद्रावरची विवरं ज्वालामुखींची, असंच तेव्हा बहुतेक जण मानत. गिल्बर्ट यांना मारे इम्ब्रियम या चंद्रावरच्या काळसर मैदानाभोवतीच्या डोंगराळ भागात लांबलचक चर दिसले. त्यांच्या रेषा मागे नेल्या की त्या इम्ब्रियमच्याच पोटात जाऊन मिळत. इथे काहीतरी अवाढव्य आदळलं आणि उडालेल्या खडकांनी भोवतालची जमीन खरवडली, हा निष्कर्ष त्यांनी १८९३ मध्ये छापला. सुमारे ११५० किलोमीटर रुंदीचं हे आघातविवर जवळजवळ ३९० कोटी वर्षं जुनं असल्याचं आपल्याला कळलं ते अपोलोने आणलेल्या दगडांवरून.

आणि याच माणसाने १८९१ मध्ये, ॲरिझोनातल्या कून बट विवराभोवती लोखंडी उल्कांचे तुकडे विखुरलेले असताना, आघाताची कल्पना नाकारली! त्यांच्या कसोट्या दोन होत्या. लोखंडाचा गोळा खाली गाडलेला असेल तर चुंबकसूची विचलित व्हायला हवी. ती हलली नाही. गोळ्याने जागा अडवली असेल तर कडेवर साचलेले माती-दगड खड्ड्याच्या घनफळापेक्षा जास्त भरायला हवेत. दोन्ही सारखेच भरले. तेव्हा हा वाफेचा स्फोट, असा त्यांनी निकाल दिला.

पुढे खाणमालक डॅनियल बॅरिंजर यांनी त्यांना निष्काळजी ठरवलं. हा आरोप मला साफ अन्यायाचा वाटतो. मोजमाप चोख होतं, गृहीतक चुकलं. बॅरिंजरही त्याच गृहीतकावर विसंबून गाडलेलं लोखंड शोधत खोदत राहिले. ते मिळालं नाही. इतक्या वेगाने येणारी उल्का आदळताच फुटते, वितळते, तिची वाफ होते. शिल्लक गोळा उरतच नाही. १९६० मध्ये तिथे कोएसाइट हे प्रचंड दाबाखाली बनणारं खनिज सापडलं, तेव्हा वाद मिटला.

कून बटवरच्या १८९६ च्या विवेचनात गिल्बर्ट यांनी लोणारशी असलेलं साम्यही नोंदवलं होतं. आपलं विवर उल्कापातानेच झालं, याचा पक्का पुरावा भारतीय आणि अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये मांडला. चंद्रावरची काळसर मैदानं बेसाल्टची आणि लोणारही बेसाल्टातलं, म्हणून चंद्राचे अभ्यासक बुलढाणा जिल्ह्याची वाट धरतात. लोणारवर लिहिणाऱ्यांनी गिल्बर्ट यांच्यासाठी एक परिच्छेद तरी राखून ठेवावा, अशी माझी विनंती आहे.