पोलादाच्या अंतरंगाचा हिशेब

अमेरिकेतील पोर्टलंड येथे १६ जानेवारी १९४३ च्या रात्री 'स्केनेक्टडी' हे नवेकोरे तेलवाहू जहाज धक्क्याशी उभे असतानाच मधोमध दुभंगले. वादळ नव्हते, शत्रूचा पाणतीर नव्हता. जहाजाच्या चाचण्याही नुकत्याच पार पडल्या होत्या. थंडीत ठिसूळ होणारे पोलाद आणि सदोष सांधे ही कारणे पुढे चौकशीत निघाली. जहाजावरील ताणाचा हिशेब झाला होता. पोलादाच्या अंतरंगाचा मात्र झाला नव्हता.

हा दुसरा हिशेब मांडणाऱ्या शास्त्राला 'बहुस्तरीय संगणकीय यामिकी' असे भारदस्त नाव आहे. त्या नावाने बिचकण्याचे कारण नाही. तालुक्याच्या नकाशात शेताचा बांध दिसत नाही आणि गटाच्या नकाशावरून तालुक्यातील नदीचा मार्ग समजत नाही. तरी बांधाचा तंटा मिटवायचा तर दोन्ही नकाशे एकमेकांशी जुळावे लागतात. पदार्थांचेही तसेच आहे. पूल मीटरांत मोजावा, पोलादाचे कण सूक्ष्मदर्शकातून पाहावेत, आणि भेगेच्या टोकाशी तर एकेका अणूची ओढाताण चाललेली असते.

मग सगळे अणूच का मोजू नयेत? लोखंडाच्या एक मिलिमीटर घनात आठावर एकोणीस शून्ये इतके अणू असतात. त्यांच्या कंपनांचा मागोवा घेणारा संगणक काळाची जी पावले टाकतो, ती इतकी चिमुकली असतात की दहा लाख पावलांनंतरही सरतो तो सेकंदाचा केवळ अब्जांश! पूल तर पन्नास वर्षे उभा राहायचा असतो. त्यामुळे युक्ती योजावी लागते. टेलर, ओरोवान आणि पोलान्यी या तिघांनी १९३४ मध्ये स्वतंत्रपणे दाखवले, की धातू वाकतो तो अणूंच्या रांगांतील विसंगती सरकत गेल्यामुळे. टॅडमोर, ऑर्टिझ आणि फिलिप्स यांनी १९९६ मध्ये सुचविलेल्या पद्धतीत भेगेसारख्या नाजूक जागी अणू मोजतात आणि उरलेला पदार्थ सलग मानतात. रसायनशास्त्रातही अशाच जोडकामाला २०१३ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता आपल्याकडील पालकांच्या चिंतेचा प्रश्न : यात पोट भरते काय? विमानांची इंजिने, टायर, विद्युतघट, हाडांत बसवायचे सांधे, अणुभट्टीतील नळ्या या सर्वांना असा हिशेब लागतो. मुंबईची आय.आय.टी., बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि भाभा अणुसंशोधन केंद्र येथे पदार्थविज्ञानाचे संशोधन चालते. पुण्यात १९८८ पासून सी-डॅक आहे, आणि तेथील 'आयसर'मध्ये 'परम ब्रह्म' हा महासंगणक २०१९ मध्ये आला. अर्थात वाट लांबची आहे. पदव्युत्तर शिक्षणानंतर डॉक्टरेटला चार-पाच वर्षे सहज जातात. कनिष्ठ संशोधकाची केंद्रीय शिष्यवृत्ती १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये झाली खरी. पण तोवर सॉफ्टवेअर कंपनीत रुजू झालेला वर्गमित्र घराचे हप्ते भरू लागलेला असतो. कायमच्या जागाही मोजक्याच. हे लपवून विद्यार्थ्याला या वाटेला लावणे अप्रामाणिकपणाचे होईल.

तथापि या विषयात दुर्मिळ आहे तो संगणक नव्हे, दोन्ही नकाशे वाचणारा माणूस. आपल्याकडे भौतिकशास्त्राचा पदवीधर भेगेचे गणित शिकत नाही, यंत्र अभियंत्याची अणूशी ओळख पहिल्या वर्षातच संपते, आणि संगणकशाखेच्या मागे धावणाऱ्या मुलाला पोलाद म्हणजे काय हे कोणी विचारत नाही. 'लॅम्प्स' आणि 'क्वांटम एस्प्रेसो' ही या कामाची आज्ञावली विनामूल्य मिळते. साध्या संगणकावर काही हजार अणूंचा तुकडा ताणून पाहता येतो. त्यासाठी नव्या अभ्यासक्रमाच्या मंजुरीची वाट पाहायला नको. भौतिकशास्त्राच्या आणि यंत्र अभियांत्रिकीच्या एकेका प्राध्यापकाने आठवड्यातून एक संध्याकाळ एकत्र बसावे, आणि प्राचार्यांनी त्या दिवशी संगणककक्षाचे कुलूप उघडे ठेवावे, एवढे पुरे आहे.