घड्याळ कोणते घ्यावे?

गतवर्षी शालान्त परीक्षेत आमच्या एका विद्यार्थ्याचे घड्याळ, सेल संपल्यामुळे, ऐन वेळी बंद पडले व एक प्रश्न लिहावयाचा राहिला. तेव्हापासून पालक आम्हांस विचारतात, सेल बदलावा न लागणारे स्वस्त व टिकाऊ घड्याळ कोणते?

अशी घड्याळे तीन प्रकारची आहेत. पहिले किल्लीचे; त्याची कमान रोज आवळावी लागते. दुसरे स्वयंचलित, मनगट हालले की आतील वजन फिरून तीच कमान आवळते, परंतु सुमारे ४० तास पडून राहिल्यास ते थांबते. या दोहोंत दिवसाकाठी काही सेकंदांचा फरक पडतो, व काही वर्षांनी सफाई करून तेल द्यावे लागते. तिसरे प्रकाशावर चालणारे. त्यातही सेल असतो, परंतु तो उजेडाने पुनः भरतो व पुष्कळ वर्षे टिकतो. फरक महिन्यास सुमारे १५ सेकंद. मात्र ते पेटीत कोंडून ठेवू नये.

नवे घेणे असल्यास तिसरे घ्यावे. परंतु घरात आजोबांचे एच.एम.टी. पडून असेल, तर प्रथम तेच दुरुस्त करून घ्यावे. तीन तासांच्या पेपरास ते पुरेसे आहे. सकाळच्या प्रार्थनेनंतर किल्ली द्यावी. ज्यास तिची आठवण राहील, त्यास अभ्यासाचीही राहील.