बोधचिन्हापलीकडची दृश्य ओळख

परिषदेची दृश्य ओळख म्हणजे बोधचिन्ह, रंग, अक्षरवळण (फाँट) आणि मांडणी यांचा आधीच ठरलेला मेळ. थळ-रेवसच्या किनाऱ्याकडे परतणारी होडी नाव वाचता येण्याआधीच नाळेचा (होडीच्या पुढच्या टोकाचा) आकार, रंग आणि निशाण यांवरून ओळखू येते, तसेच हे.

अशा ओळखीचे एक उदाहरण : समुद्रापलीकडे मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलात, १३ ते १८ फेब्रुवारी २०१६ दरम्यान ‘मेक इन इंडिया’ सप्ताह भरला. दंतचक्रांचा चालता सिंह २०१४ पासूनच या मोहिमेचे चिन्ह होता. सप्ताहातही तोच राहिला, हे योग्यच झाले.

चिन्ह तयार झाले की काम संपले, हा समज मात्र अपुरा आहे. खरे काम शैलीपुस्तिकेत (वापराचे नियम सांगणारी पुस्तिका) असते : चिन्हाभोवती मोकळी जागा किती, किमान आकार कोणता, कोणत्या रंगाची पार्श्वभूमी चालेल. पडदा प्रकाशाने रंग दाखवतो, छपाई शाईने. म्हणून एकाच केशरी रंगाची दोन्हींसाठी वेगवेगळी प्रमाणे नोंदवावी लागतात. द्विभाषिक फलकावर आणखी काळजी हवी. देवनागरीत मात्रा शिरोरेषेच्या वर आणि उकार अक्षराखाली येतात, त्यामुळे ओळींमध्ये रोमन लिपीपेक्षा सहसा जास्त अंतर ठेवावे लागते.