चढाई चालू असताना भूमिका बदलावी का?

राजुरीच्या शाळेच्या पटांगणात आज एवढी माणसं जमली आहेत हे पाहून आम्हाला आनंद होतो आहे आणि थोडी धास्तीही वाटते आहे. विषय कॉम्प्युटरवरच्या खेळाचा, आणि बोलणार आम्ही, तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेले, वय वर्षे ७६. आमच्या हातात तो खेळ दिला तर पहिल्या मिनिटाला आमचं पात्र विहिरीत पडेल. तेव्हा खेळायचं कसं हे आम्ही सांगणार नाही. खेळता खेळता आमच्या नातवाला एका रात्री जो प्रश्न पडला, तो प्रश्न जुना आहे, आणि तो आपल्या सगळ्यांचा आहे, म्हणून इथे उभे आहोत.

खेळाचं नाव ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’. २००४ सालच्या नोव्हेंबरात तो आला. जगभरची माणसं एकाच काल्पनिक राज्यात शिरतात, आपापली पात्रं घेतात, आणि जोडीनं किंवा झुंडीनं राक्षसांशी लढतात. नेहमी एकत्र खेळणाऱ्यांचा जो गट असतो त्याला गिल्ड म्हणतात. हा शब्द ऐकून पाश्चात्त्य म्हणून नाक मुरडू नका. आपल्या जुन्नरच्या लेण्यांमध्ये शिलालेख आहेत, त्यात धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीनं सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याचं टाकं दान दिल्याची नोंद आहे. श्रेणी म्हणजे गिल्डच. सुमारे अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वी याच तालुक्यात गिल्ड होतं, आणि ते राक्षस मारण्याऐवजी टाकी खोदत होतं, एवढाच फरक.

तर हे गिल्ड मोठ्या राक्षसावर चालून जातं, त्याला रेड म्हणतात. आपण चढाई म्हणू. सुरुवातीच्या मोठ्या चढायांमध्ये ४० जण लागत. नातवाच्या चढाईत २० असतात. त्यांची कामं तीन. पहिलं काम टँकचं, म्हणजे ढालीचं. राक्षसाचं लक्ष स्वतःकडे ओढून घ्यायचं आणि मार खायचा. दुसरं हीलरचं, मार खाणाऱ्याला जगवायचं. तिसरं, बाकी सगळ्यांनी राक्षसाला हाणायचं. दोन ढाली, चार-पाच हीलर, उरलेले हाणणारे, अशी साधारण वाटणी.

आता गंमत पाहा. राक्षस कुणाला मारतो? जो त्याला सर्वांत जास्त डिवचतो त्याला. मग ढालीचं कौशल्य ताकदीपेक्षा डिवचण्यात जास्त आहे. टोमणा मारला की राक्षस वळतो, इंग्रजीत त्याला टाँटच म्हणतात. पण काही राक्षस असे रचलेले असतात की त्यांच्या प्रत्येक घावाबरोबर ढालीवर एक शाप चढत जातो. एक, दोन, तीन. पुढचा घाव प्राणघातक ठरणार, तेवढ्यात दुसऱ्या ढालीनं टोमणा मारून राक्षस आपल्याकडे वळवायचा. पहिल्यानं बाजूला होऊन शाप उतरेपर्यंत थांबायचं. मग पुन्हा पहिला पुढे. खेळाडू याला टँक स्वॅप म्हणतात. म्हणजे भूमिकेची अदलाबदल ही इथे अपघातानं होत नाही, ती खेळ रचणाऱ्यानंच गृहीत धरलेली आहे. एकट्या माणसानं शेवटपर्यंत मार खाल्ला तर सगळेच मरतील अशी ती रचना. आम्हाला ही कल्पना ऐकून एकदम आपल्याकडच्या घरांतल्या थोरल्या सुना आठवल्या, पण ते असो.

हे ठरवून केलेलं बदलणं झालं. न ठरवता बदलायचं असेल तर? पूर्वी या खेळात आपलं कसब बदलायचं तर मोहीम सोडून शहरात गुरूकडे जावं लागे आणि सोन्याची नाणी मोजावी लागत. २००९ च्या एप्रिलपासून दोन कसबं बाळगण्याची सोय झाली. आता तर बसल्या जागी बदलता येतं. अट एकच राहिली: लढाई चालू असताना नाही. दोन लढायांच्या मध्ये हवं ते व्हा, घाव सुरू झाले की जे आहात ते आहात. अपवाद म्हणावा असा एक पंथ आहे, ड्रुइड. तो रूप बदलतो. मांजर होऊन हाणतो, अस्वल होऊन मार झेलतो. पण ज्यानं मांजराचं कसब निवडलं आहे तो भर लढाईत अस्वल झाला तरी तो कच्चं अस्वल. रूप आलं, मुरलेपण नाही.

आमचा नातू ड्रुइड आहे. त्या रात्री तो मांजर होता. लढाई निम्म्यावर आली आणि दुसऱ्या ढालीच्या घरची वीज गेली. कुठल्या गावची ते विचारू नका, वीज सगळीकडे जाते. पात्र जागच्या जागी थिजलं. पहिल्या ढालीवर शाप चढत चाललेले, घ्यायला कुणी नाही. नातवानं पाहिलं, अस्वल झाला, टोमणा मारला. राक्षस वळला. वीसेक सेकंद हे कच्चं अस्वल उभं राहिलं. तेवढ्यात पहिल्याचा शाप उतरला, त्यानं राक्षस परत घेतला. वा! असं आम्ही म्हणालो. नातू म्हणाला, “वा काय आजोबा? आम्ही सगळे मेलो.”

झालं असं की नातवाकडे एक काम नेमून दिलं होतं. मधेमधे लहान राक्षस निघतात, त्यांना मागच्या हीलरांपर्यंत पोहोचू द्यायचं नाही. तो पुढे गेला, ते मागे पोहोचले, हीलर पडले, आणि हीलर पडले की वीस जणांचं काय होतं ते सांगायला नको. म्होरक्यानं सगळ्यांच्या कानात त्याला झाडलं: तुला कुणी सांगितलं होतं? तू तुझी जागा का सोडलीस?

दुसऱ्या दिवशी पोरगं जेवेना. त्याचं म्हणणं, मी गेलो नसतो तर वीस सेकंद आधी मेलो असतो. मी बरोबर होतो की तो?

म्होरक्याच्या बाजूनं आधी बोलू, कारण त्याच्या बाजूला प्लेटो आहे. ‘रिपब्लिक’च्या चौथ्या पुस्तकात प्लेटो न्यायाची व्याख्या करतो ती हीच: प्रत्येकानं आपलं काम करावं, दुसऱ्याच्या कामात लुडबुड करू नये. चांभारानं सुताराची हत्यारं घेतली तर फार बिघडत नाही, पण कारागिरानं योद्ध्याच्या जागी घुसावं हे तो नगराचा नाश मानतो. प्लेटो उत्तम रेड लीडर झाला असता. फक्त त्याच्या गिल्डमध्ये कुणाच्या घरची वीज जात नाही. ज्या व्यवस्थेत प्रत्येक जागा कायम भरलेली आहे तिथे हा नियम निर्दोष आहे. जागा रिकामी झाली तर काय, याचं उत्तर त्यात सापडत नाही.

ते उत्तर शोधायला आपण विराटपर्वात जाऊ. तिथे खरोखरची चढाई आहे. कौरवांनी विराटाच्या ६० हजार गायी पळवल्या. राजा सैन्य घेऊन दुसरीकडे, सुशर्म्याच्या मागे गेलेला. घरात उरला राजपुत्र उत्तर, आणि तो अंतःपुरात बायकांपुढे फुशारक्या मारतो आहे की सारथी नाही म्हणून, नाहीतर दाखवलं असतं. सैरंध्री, म्हणजे द्रौपदी, सुचवते की ही बृहन्नडा आहे ना, हिला रथ हाकता येतो. झालं. योद्धा उत्तर, सारथी बृहन्नडा. समोर कौरवांची सेना दिसली आणि योद्ध्यानं रथातून उडी टाकून धूम ठोकली. मागे वेणी उडवत, लुगडं सावरत बृहन्नडा धावते आहे, आणि पलीकडे सैन्यातले लोक हसताहेत. तिनं त्याला धरून आणलं. त्याला योद्धा हो म्हणून दटावत बसली नाही. म्हणाली, लढू नकोस, घोडे हाक, मी लढते. शमीवरून शस्त्रं उतरवली आणि चढाईच्या मध्यात सारथी योद्धा झाला, योद्धा सारथी. दसऱ्याला आपण शमी पुजतो ती या अदलाबदलीच्या जागेची पूजा आहे, हे आपल्या लक्षात राहत नाही.

इथे दोन गोष्टी पाहा. अर्जुन ज्या जागी गेला ती जागा रिकामी पडलेली होती. आणि त्याची जी जागा मोकळी झाली, लगाम, तो त्यानं आधी उत्तराच्या हातात दिला आणि मग धनुष्य उचललं. घोडे एक क्षणही बेवारस नव्हते.

हाच अर्जुन पुढे कुरुक्षेत्रावर पुन्हा भूमिका बदलू पाहतो. भीक मागून जगेन म्हणतो. तिथे त्याला थांबवलं जातं, स्वधर्म सांगितला जातो. वर्गात पोरं आम्हाला विचारायची, सर, एकीकडे बदललेलं चालतं आणि दुसरीकडे नाही, हे कसं? आम्ही तेव्हा फार मोठी मोठी उत्तरं देत असू. नातवाच्या राक्षसानंतर साधं उत्तर सुचलं: विराटाच्या रणात तो रिकामी जागा भरत होता, कुरुक्षेत्रावर भरलेली जागा रिकामी करत होता. त्याच युद्धात कृष्ण, शस्त्र धरणार नाही म्हणालेला सारथी, भीष्मावर धावून जातो तेव्हा अर्जुन त्याचे पाय धरून त्याला मागे आणतो. म्हणजे ज्याला दुसऱ्यानं थांबवलं, तोच पुढे दुसऱ्याला थांबवतो.

नातवानं दोन्ही एकदम केलं होतं. एक जागा भरली, एक रिकामी केली. त्याला आम्ही विचारलं, अस्वल होताना तू काही बोललास? तो म्हणाला, वेळ कुठे होता. पण त्यांच्या कानात यंत्रं असतात, तोंडापुढे माईक असतो. ‘मी ढाल, लहान राक्षस तुम्ही घ्या,’ सहा शब्द. चौदा जण हाणत होते, कुणीही वळला असता.

आपल्या भागाला ही अदलाबदल नवी नाही. नारायणगावला चैत्रात तमाशाच्या राहुट्या लागतात, गावोगावचे लोक जत्रेसाठी सुपारी द्यायला येतात, हे तुम्हाला आम्ही काय सांगावं. गण होतो, गौळणीत जो मावशी होऊन कंबर हलवतो तोच वगात हवालदार होऊन येतो. मागे उभा राहून झील धरणारा दोन पावलं पुढे आला की प्रधान, दोन पावलं मागे गेला की झीलकरी. मुखवटा नाही, पडदा नाही. पण ढोलकी बदल सांगते. थाप पडल्याशिवाय कुणी पुढे येत नाही. कबड्डीत तर मध्यरेषाच ते काम करते. ३० सेकंदांची चढाई संपवून गडी रेषा ओलांडतो त्या क्षणी तो पकडीच्या साखळीत जातो, कारण समोरचा चढाईपटू निघालेला असतो. तिथे रेषा बोलते. बोलण्याची सोय प्रत्येक जुन्या खेळात कुणीतरी करून ठेवलेली आहे.

आणि भाषेतही. आपल्या ‘भूमिका’ शब्दात भूमी आहे, उभं राहण्याची जागा. म्हणून नटही भूमिका बदलतो आणि पुढारीही. एकाचं आपण कौतुक करतो, दुसऱ्याला दलबदलू म्हणतो. नट आपण बदललो हे दाखवतो, पुढारी ते लपवतो.

आता घरचं एक सांगतो. पाच वर्षांपूर्वी आमच्या सौभाग्यवतींना अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली. आयुष्यभर आम्ही मार झेलणारे, म्हणजे आमचा तसा समज होता, आणि त्या मागून सगळ्यांना जगवणाऱ्या. एका रात्रीत स्वयंपाक, औषधं, अंघोळ आमच्याकडे आलं. कच्चं अस्वल म्हणजे काय ते आम्ही जाणतो. भाकरी थापताना तिचा नकाशा होई. त्या पलंगावरून सांगत, पीठ कोमट पाण्यात मळा. तोपर्यंत त्यांना दुसऱ्याच्या हातची चव घेण्याची सवय नव्हती, तेही त्यांना शिकावं लागलं, आणि आमच्या भाकरीपेक्षा ते अवघड होतं.

चूक आमची आणि मुलाची. सकाळी रक्तदाबाची गोळी आम्ही दिली. मुलगा आला, त्यानंही दिली. दोघांना वाटलं, दुसऱ्याच्या लक्षात नसेल. दुपारी त्या उठताना कोसळल्या. वाचल्या. दोघंही चांगल्या भावनेनं पुढे गेलो होतो, दोघंही बोललो नव्हतो. त्या दिवसापासून फ्रिजवर पाटी आहे, गोळी देणाऱ्यानं खडूनं रेघ मारायची. नातवाला ती पाटी रोज दिसते. तिच्यामागचा प्रसंग आम्ही त्याला त्या न जेवलेल्या दिवशी पहिल्यांदा सांगितला.

श्रेयाचं राहिलं. लढाई संपली की खेळात एक तक्ता येतो, कुणी किती हाणलं. नातवाचं नाव त्या रात्री खाली होतं, कारण अस्वल हाणत नाही. विराटाच्या दरबारातही हेच. उत्तर जिंकला म्हणून राजा नाचतो आहे, आणि कंकाच्या वेषातला युधिष्ठिर म्हणतो, बृहन्नडा सारथी असल्यावर दुसरं काय होणार. राजानं रागानं फासे त्याच्या तोंडावर फेकले, नाकातून रक्त आलं. अर्जुन मात्र शस्त्रं शमीवर ठेवून, पुन्हा लगाम हातात घेऊन परतला होता. आणि उत्तर? ज्याला आपण पळपुटा म्हणून हसतो, तो कुरुक्षेत्राच्या पहिल्याच दिवशी शल्याशी लढताना मेला. घोडे हाकताना तो रणात उभं राहायला शिकला असावा. त्याच्याबद्दल कुणी बोलत नाही म्हणून मुद्दाम सांगितलं.

एक प्रश्न आला आहे. मागे बसलेल्या ताई विचारतात: बदललेली भूमिका परत जुनी करता येते का?

ताई, आमच्या सौभाग्यवती आता काठी घेऊन चालतात. सहा महिन्यांपूर्वी त्या स्वयंपाकघरात परत आल्या. पहिल्या दिवशी डबे उघडून पाहिले. आम्ही पाच वर्षांत डाळींच्या जागा बदलल्या होत्या, आमच्या उंचीला सोयीच्या. त्या बराच वेळ नुसत्या बघत राहिल्या. मग म्हणाल्या, मूग खाली घ्या, बाकीचं राहू दे. भाकरी आता त्या थापतात, भाजतो आम्ही. नातवाच्या गिल्डनं म्हणे त्याला दुसरं कसबही मुरवायला सांगितलं आहे. दर गुरुवारी पहिल्या दोन लढाया तो अस्वल असतो.