डॉ. रा. ना. दांडेकर : देणग्यांची संस्था, जगाचा संपर्क

जन्म सातारा, १९०९. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात संस्कृत आणि प्राचीन भारतीय संस्कृतीचे प्राध्यापक. वैदिक मानवावरील प्रबंधासाठी १९३८ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गची डॉक्टरेट. पाठोपाठ गुप्तांचा इतिहास लिहिला. पण दांडेकरांचं नाव कायमचं जोडलं गेलं ते १९३९ पासून सांभाळलेल्या, पुण्यातल्याच भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या मानद चिटणीसपदाशी.

१९१७ साली स्थापन झालेली ही संस्था देणगीदारांच्या बळावर उभी राहिली. इमारतीला टाटांनी हातभार लावला, अतिथिगृहाला हैदराबादच्या निजामांनी. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी औंध संस्थानच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी लाखाचा शब्द दिला. इथे एकेक श्लोक चौकोनांच्या तक्त्यावर अक्षर सुटं करून मांडायचे आणि खाली प्रत्येक पोथीतला पाठभेद नोंदवायचे. दात्यांचा पैसा मुरला तो या कामात. आवृत्तीतली शल्यपर्व आणि अनुशासनपर्व दांडेकरांनी स्वतः संपादित केली. १९६६ मध्ये आवृत्ती पूर्ण झाल्याची घोषणा राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या हस्ते पुण्यातच झाली.

जानेवारी १९६४ मध्ये दिल्लीत आंतरराष्ट्रीय प्राच्यविद्या परिषद भरली, तिचं संयोजन दांडेकरांकडे होतं. पुढे आंतरराष्ट्रीय संस्कृत अध्ययन संघटनेचं अध्यक्षपद. सांस्कृतिक राजनय म्हणतात तो प्रत्यक्षात असाच घडतो, विद्वानांच्या पत्रव्यवहारातून. त्याचं श्रेय मात्र क्वचितच कुणी देतं.

१९६२ मध्ये पद्मभूषण. निधन २००१. ‘वैदिक बिब्लिओग्राफी’चे त्यांचे खंड वेदाभ्यासकांना आजही लागतात.