नवा संगणक आला, पण जुना हिशेब उघडेना

विंडोज १० ला मिळणारा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यामुळे आम्हा कापड व्यापाऱ्यांपैकी अनेकांना नवा संगणक घ्यावा लागत आहे. पेनड्राइव्हवरून सारे फोल्डर उचलून आणले, तरी हिशेबाचा प्रोग्रॅम उघडत नाही आणि उधारीची वसुली अडून बसते. घाबरण्याचे कारण नाही. अडचण बहुधा पुढील तीनपैकी एक असते.

पहिली, प्रोग्रॅम नुसता फोल्डरमध्ये नसतो. त्याच्या काही फाइली व नोंदी विंडोजमध्ये विखुरलेल्या असतात. म्हणून प्रोग्रॅम मूळ सेटअपवरून नव्याने बसवावा. बॅकअपमधून फक्त हिशेबाचा डेटा आणावा.

दुसरी, परवाना. टॅलीचा एका संगणकाचा परवाना त्याच संगणकाशी बांधलेला असतो. आधी तो जुन्या संगणकावरून 'सरेंडर' करावा, मग नव्यावर चालू करावा.

तिसरी, प्रोग्रॅमचे वय. डॉसच्या काळातले १६-बिट प्रोग्रॅम ६४-बिट विंडोजवर थेट चालत नाहीत, आणि विंडोज ११ तर फक्त ६४-बिटच आहे. अशा वेळी डॉसबॉक्स हा मोफत मिळणारा प्रोग्रॅम पुष्कळदा कामी येतो.

जीएसटी कायद्याप्रमाणे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने हिशेब जपून ठेवणे बंधनकारक आहे. तेव्हा व्यापारी बंधूंनो, नव्या संगणकावर प्रत्येक गिऱ्हाइकाची बाकी जुळेपर्यंत जुना संगणक भंगारात देऊ नका.